विश्लेषण : जो अॅबरक्रॉम्बी वाचायला सुरुवात कुठून करावी?

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या धाटणीचे काही वाचायला शोधणाऱ्यांपुढे एक नाव हमखास येते : ब्रिटिश लेखक जो अॅबरक्रॉम्बी. अडचण अशी, की ‘फर्स्ट लॉ’ या त्यांच्या जगात नऊ कादंबऱ्या आणि शिवाय कथाही आहेत. भलतेच पुस्तक आधी उचलले, तर कोण जगतो, कोण मरतो आणि गादीवर कोण बसतो हे आधीच कळून बसते.

यात राजकारण कुठे आहे?

जादूगार, राजा, रानटी योद्धा ही फँटसीतली नेहमीची मंडळी येथेही आहेत. पण ‘युनियन’ नावाच्या राज्यात म्हातारा राजा नावापुरता उरला आहे. खरा कारभार बंद दाराआडचे मंत्रिमंडळ, सरदार, सावकारी बँक आणि ‘इन्क्विझिशन’ हे छळखाते यांच्या ओढाताणीत चालतो. या खात्यातला ग्लोक्टा हे अॅबरक्रॉम्बी यांचे सर्वात गाजलेले पात्र. एकेकाळचा तलवारबाजीचा विजेता, शत्रूच्या कैदेत दोन वर्षे छळ सोसून पांगळा झालेला आणि आता स्वतःच इतरांचा छळ करून कबुलीजबाब उकळणारा. व्यापाऱ्यांचा एक बडा संघ मोडण्यासाठी वरिष्ठ त्याला कसे वापरतात, हा भाग वाचताना जादूची आठवणही येत नाही. एवढे असून तो कमालीचा विनोदी आहे. जिन्यांवरचा त्याचा राग तर वाचण्यासारखाच.

मग पहिले पुस्तक कोणते?

‘द ब्लेड इटसेल्फ’ (२००६). त्यानंतर ‘बिफोर दे आर हँग्ड’ (२००७) आणि ‘लास्ट आर्ग्युमेंट ऑफ किंग्ज’ (२००८). पहिल्या भागात फारसे काही घडत नाही, पात्रांची जमवाजमवच चालते. अनेक जण येथेच पुस्तक ठेवून देतात. दुसऱ्या भागापर्यंत तग धरावा. पेरलेले सगळे तिसऱ्यात उगवते, आणि तेही बहुतेकदा वाचकाला नको तसे.

तीन खंड जड वाटत असतील तर?

‘बेस्ट सर्व्ह्ड कोल्ड’ (२००९) ही सात जणांवर सूड उगवायला निघालेल्या भाडोत्री सेनानी स्त्रीची एका पुस्तकात संपणारी गोष्ट आहे. काही पात्रे आधीची असली, तरी वाचताना अडत नाही. ‘द हीरोज’ (२०११) तीन दिवसांच्या एकाच लढाईवर आहे आणि युद्धाचा फोलपणा दाखवण्यात ती या सर्वांत सरस. ‘रेड कंट्री’ (२०१२) मात्र शेवटी.

कारखाने, धुराडी आणि यंत्रे फोडणारे कामगार यांची ‘एज ऑफ मॅडनेस’ ही त्रयी (२०१९ ते २०२१) राजकीयदृष्ट्या सर्वात धारदार आहे. तरीही तेथून सुरुवात नको. तिच्यातले अनेक नायक पहिल्या त्रयीतल्या पात्रांची मुले आहेत, त्यामुळे आधीची गुपिते पहिल्या काही प्रकरणांतच फुटतात.

छळाची वर्णने झेपतील?

सर्वांनाच नाही. ती तपशीलवार आहेत, शिव्याही भरपूर. अशांसाठी किशोरांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली ‘हाफ अ किंग’ (२०१४) बरी. तिचे जग वेगळे, त्यामुळे पूर्वतयारी लागत नाही. २०२५ची ‘द डेव्हिल्स’ही स्वतंत्र आहे. तिच्यातल्या पर्यायी युरोपात पोपच्या आसनावर दहा वर्षांची मुलगी बसते. लोकलमध्ये ऐकणाऱ्यांसाठी ‘फर्स्ट लॉ’ची स्टीव्हन पेसी यांनी वाचलेली ऑडिओ आवृत्ती आहे. त्यांचा ग्लोक्टा छापील ग्लोक्टापेक्षाही जास्त कुरकुरतो.