कट्यार नेमकी कुठली?

मी सोनईतून बोलतोय. आज तंजावरच्या मराठे राजांच्या शस्त्रागारातल्या कट्यारी.

कट्यार मराठ्यांच्या शस्त्रागारात होती, म्हणून ती मराठ्यांनीच घडवली असं नसतं. आधी मूठ बघायची. आडव्या दांड्या आणि पुढे हात झाकणारं नक्षीदार पोलादी पान असेल, तर ती बहुधा दक्षिणेकडची. त्यातल्या बऱ्याच तर व्यंकोजीराजांच्याही आधीच्या, नायक राजवटीतल्या. मग पातं. ते अनेकदा युरोपातून आलेल्या तलवारीचं, कापून रिव्हेटने जोडलेलं. म्हणजे मूठ तमिळ, पातं फिरंगी, मालक मराठा! भारीच ना?

बिकानेरचं काम सोपं. महाराजा अनूपसिंहाच्या काळात, १६८९ला, अदोनीहून आणलेल्या बऱ्याच शस्त्रांवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरीत नोंदच केलेली आहे.

तंजावरचं नशीब वाईट. १८५५ला राजे वारले, मुलगा नाही म्हणून राज्य गेलं. पुढे १८६०च्या दशकात इंग्रजांनी निवडक शस्त्रं मद्रासच्या म्युझियमसाठी ठेवली आणि उरलेली मोडून भंगारात घातली. चीड येते राव.

म्हणून सांगतो, घरात जुनी कट्यार असेल तर चमकवायला घासू नका. खुणा झिजल्या की ओळख गेली. आणि चेन्नईला गेलात तर एग्मोरच्या म्युझियममध्ये नक्की डोकवा.