नॉट, सर जॉन
नॉट, सर जॉन विल्यम फ्रेडरिक : (१ फेब्रुवारी १९३२–६ नोव्हेंबर २०२४). ब्रिटिश राजकारणी आणि फॉकलंड युद्धाच्या वेळचा ग्रेट ब्रिटनचा संरक्षणमंत्री. जन्म इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातील बिडफर्ड येथे. ब्रॅडफील्ड येथील शालेय शिक्षणानंतर तो सैन्यात शिरला. १९५२–५६ या काळात दुसऱ्या गुरखा रायफल्स या पलटणीत तो नियमित सेनाधिकारी होता. सिरमूर बटालियन या नावाने १८१५ मध्ये उभारलेली ही पलटण १९४८ च्या आरंभी भारतीय सैन्यातून ब्रिटिश सैन्याकडे वर्ग झाली होती. मलायातील कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेत नॉटने तिच्यासमवेत भाग घेतला.

सैन्य सोडल्यावर केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात त्याने कायदा व अर्थशास्त्र यांचा अभ्यास केला. १९५९ मध्ये तो केंब्रिज युनियन या विद्यार्थी वादसभेचा अध्यक्ष होता. त्याच वर्षी इनर टेंपलमधून तो बॅरिस्टर झाला. तथापि वकिलीऐवजी त्याने लंडनमधील वॉरबर्ग या बँकिंग पेढीत काम पतकरले. १९६६ मध्ये कॉर्नवॉलमधील सेंट आयव्ह्ज मतदारसंघातून तो पार्लमेंटवर निवडून आला व १९८३ पर्यंत सदस्य राहिला. हुजूर पक्षाच्या मंत्रिमंडळांत तो वित्त खात्याचा राज्यमंत्री (१९७२–७४), व्यापारमंत्री (१९७९–८१) व संरक्षणमंत्री (१९८१–८३) होता.

जानेवारी १९८१ मध्ये संरक्षण खाते हाती आले, तेव्हा मंजूर झालेल्या योजनांचा खर्च उपलब्ध निधीत बसत नव्हता. जून १९८१ च्या श्वेतपत्रिकेत नॉटने अग्रक्रम ठरवून दिले. अण्वस्त्रसज्जता, स्वदेशाचे रक्षण आणि पश्चिम जर्मनीतील ५५,००० ब्रिटिश सैन्य कायम ठेवावे. अटलांटिक महासागरात मुख्य भिस्त पाणबुड्या व विमाने यांवर ठेवावी आणि पृष्ठभागावरील युद्धनौका कमी कराव्यात, असे तिचे सूत्र होते. विनाशिका व फ्रिगेट यांची संख्या सु. ६० वरून ५० वर आणणे, तीनऐवजी दोनच विमानवाहू जहाजे ठेवणे, चॅटमची गोदी बंद करणे आणि दक्षिण अटलांटिकमधील ‘एन्ड्युअरन्स’ ही गस्ती नौका परत बोलावणे हे निर्णय त्यांतूनच निघाले. जाहीर विरोध करणारा नौदल खात्याचा मंत्री कीथ स्पीड याला त्यापूर्वीच, मे १९८१ मध्ये, पदच्युत करण्यात आले होते. ‘इन्व्हिन्सिबल’ हे विमानवाहू जहाज ऑस्ट्रेलियाला विकण्याचे फेब्रुवारी १९८२ मध्ये जाहीर झाले.

२ एप्रिल १९८२ रोजी आर्जेंटिनाने फॉकलंड बेटांवर आक्रमण केले. दुसऱ्या दिवशी पार्लमेंटमध्ये नॉटवर कडाडून टीका झाली. परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टनने राजीनामा दिला. नॉटनेही तो देऊ केला होता, पण पंतप्रधान मार्गारेट थॅचरने तो स्वीकारला नाही. सु. १३,००० किमी. अंतरावरची बेटे परत मिळविता येतील काय, याविषयी नॉट आरंभी साशंक होता. नौदलप्रमुख सर हेन्री लीच याने ते शक्य असल्याची ग्वाही दिली. नॉट पाच सदस्यांच्या युद्ध मंत्रिमंडळात होता. १४ जून रोजी आर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पतकरली. या युद्धात २५५ ब्रिटिश व ६४९ आर्जेंटिनी सैनिक मृत्युमुखी पडले.

युद्धानंतर ‘इन्व्हिन्सिबल’ ची विक्री रद्द झाली आणि बुडालेल्या नौकांच्या जागी नव्या बांधण्याचे ठरले. मोहिमेतील ध्वजनौका ‘हर्मिस’ हीही १९८१ च्या योजनेप्रमाणे यथावकाश सेवेतून जाणार होती. भारताने ती १९८६ मध्ये विकत घेतली व १९८७ मध्ये ‘विराट’ या नावाने नौदलात दाखल केली. २०१७ मध्ये मुंबई येथे ती निवृत्त झाली.

फ्रँक्स समितीने (१९८३) आक्रमणाचा दोष ब्रिटिश शासनाला दिला नाही. मात्र ‘एन्ड्युअरन्स’ परत बोलावण्याची घोषणा अनुचित होती, असा अभिप्राय नोंदविला. नॉटचे धोरण सोव्हिएट संघाशी यूरोपात होऊ शकणाऱ्या युद्धाच्या हिशेबाने आखले होते. त्याची कसोटी मात्र दूरच्या समुद्रात, अनपेक्षित शत्रूशी लागली. खर्चाला मर्यादा घालण्याची त्याने दाखविलेली निकड खरी होती. परंतु ज्या नौका कमी करावयाच्या होत्या, त्यांच्याच बळावर विजय मिळाला, हा त्याच्या कारकीर्दीतील विरोधाभास होय. 

जानेवारी १९८३ मध्ये त्याने मंत्रिपद सोडले. पुढे लझार्ड ब्रदर्स या बँकिंग संस्थेचा तो अध्यक्ष झाला. ऑक्टोबर १९८२ मधील दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आज असणारा व उद्या नसणारा राजकारणी असे त्याला उद्देशून म्हटले गेल्याने तो उठून गेला होता. त्याच शब्दांवरून त्याने २००२ मध्ये आपल्या आत्मचरित्राला नाव दिले.