लाकूडतोडीचा अभ्यासक्रम आणि कोंकणांतील मालकी झाडें

कोंकणांतील शेतकऱ्याच्या घरीं लग्नकार्य निघालें, घराचें छप्पर उतरवावयाचें झालें किंवा मुलाच्या शिक्षणाचा खर्च अंगावर आला, म्हणजे त्याची नजर मालकी रानांतल्या झाडांकडे जाते. भातानें पोट भरतें, आंबाकाजूनें वर्ष निभतें, परंतु एकरकमी पैसा उभा करून देणारा ठेवा म्हणजे साग, ऐन, किंजळ, फणस हीच झाडें होत. चाळीस पन्नास वर्षें राखलेला हा ठेवा विकला जातो मात्र एका सकाळीं, अंगणांत बसून, फीत न लावतां, उक्त्या रकमेवर. व्यापारी डोळ्यानें माप घेतो व मालक गरजेनें होकार देतो. या व्यवहारांत शेतकऱ्याचें काय जातें, आणि तें थांबविण्यास वनशास्त्राचें शिक्षण काय करूं शकेल, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. निमित्त असें कीं, कृषि विद्यापीठांतील पदवीच्या अभ्यासक्रमांची फेरमांडणी चालू आहे. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीचा अहवाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला असून वनशास्त्राची पदवीही तींतून सुटलेली नाहीं. आपल्या दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठांत वनशास्त्राचें महाविद्यालय आहे; तेव्हां ही गोष्ट आपल्या दाराशीं आलेली आहे असेंच समजावें.

लाकूडतोडीचा विषय या पदवीस पूर्वींपासून आहे. त्यांत हत्यारें, झाड पाडणें, ओंडके करणें, ओढून नेणें, तारेच्या दोरावरून उतरविणें, नदींतून वाहवून नेणें, आगारांत रचणें, आणि अलीकडे मजुरांच्या श्रमाचा व अपघातांचा विचार, इतकीं प्रकरणें येतात. यांतील कोणतेंही निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या विद्येचा जन्म कोठें झाला तें पाहिलें पाहिजे. देहरादून येथें १८७८ सालीं वनशाळा निघाली ती सरकारी जंगलें सांभाळणारे अधिकारी तयार करण्याकरितां. हजारों एकरांचें सलग रान, त्याचे आंखलेले कूप, दरसाल एका कुपाची तोड, सरकारी आगार आणि लिलाव, हें चित्र समोर ठेवून तें शिक्षण बांधलें गेलें. हिमालयाच्या देवदाराला व ब्रह्मदेशच्या सागाला तें शोभतें. ब्रह्मदेशांत सागाच्या बुंध्याची साल व बाहेरचें लाकूड गोल कापून झाड दोन तीन वर्षें उभेंच वाळूं देत, कारण ओला साग पाण्यावर तरंगत नाहीं. खारेपाटणच्या शेतकऱ्यास ही माहिती ऐकावयास गोड वाटेल. पण त्याच्या पांच झाडांचा प्रश्न तिनें सुटत नाहीं.

आपल्याकडील स्थिति निराळी आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सरकारी राखीव जंगल थोडें आणि बहुतेक झाडोरा मालकी जमिनींत आहे. शुकनदीच्या दोन्ही अंगांच्या डोंगरउतारांवर पाहावें तों एका खातेदाराचीं दहा झाडें, त्याच्या भाऊबंदाचीं पंधरा, मध्यें काजूची बाग, खालीं भाताचे कोपरे, अशीच वांटणी दिसेल. शिवाय यांतील पुष्कळ ऐन किंजळ राबासाठीं वर्षानुवर्षें कवळलेले. ज्या झाडाच्या फांद्या दर दोन तीन वर्षांनीं तोडल्या त्याचा बुंधा गांठाळ होतो व फळी पाडतांना दगा देतो. कोणतें झाड राबास ठेवावें व कोणतें लाकडासाठीं सरळ वाढूं द्यावें, हा निर्णय तोडीच्या आधीं तीस वर्षें घ्यावा लागतो. आमच्या समजुतीप्रमाणें कोंकणांतील लाकूडतोडीचें पहिलें प्रकरण हेंच असावयास पाहिजे.

दुसरें प्रकरण मापाचें. येथें आम्ही थोडे रेंगाळणार आहों, कारण शेतकऱ्याचें खरें नुकसान येथें होतें. गोल लाकडाचें माप बाजारांत चौथाई घेराच्या रीतीनें होतें. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर फुटांत घेऊन त्याचा चौथा हिस्सा काढावा, त्याचा वर्ग करावा व लांबीनें गुणावें. मधला घेर ४ फूट व लांबी १० फूट असल्यास चौथा हिस्सा १, वर्ग १, आणि माप १० घनफूट येतें. भूमितीच्या हिशेबानें याच ओंडक्यांत सुमारें पावणेतेरा घनफूट लाकूड असतें. म्हणजे या रीतीनें शेंकडा साडेएकवीस लाकूड हिशेबाबाहेर राहतें. यांत लबाडी नाहीं. चौरस तुळई काढतांना कडेच्या चिपा वायां जातात, त्यांची ही ढोबळ सूट आहे, आणि या मापावर बोललेला भाव ती सूट धरूनच असतो. लबाडी तेव्हां होते जेव्हां भाव एका मापाचा ऐकवला जातो आणि माल दुसऱ्या मापानें घेतला जातो. एका घनमीटराचे ३५.३ घनफूट होतात. परंतु तेंच लाकूड चौथाई घेरानें मोजलें तर पावणेअठ्ठावीसच भरतात. याकरितां भाव विचारण्यापूर्वीं माप कोणतें तें विचारावें.

घेर कोठें घेतला हेंही पाहावें. जाड टोंकास ५ फूट व बारीक टोंकास ३ फूट घेर असलेला १० फुटी ओंडका मध्यावर मोजला तर १० घनफूट भरतो. फीत बारीक टोंकास लावली तर साडेपांचाच्या थोडा वर. जवळजवळ निम्मा माल फितीच्या जागेनें नाहींसा होतो! सालीची गोष्ट तशीच. ऐनाची साल जाड असते. अर्धा इंच साल वजा केली म्हणजे घेर सुमारें ३ इंचांनीं उतरतो, आणि ४ फूट घेराच्या ओंडक्यांत त्यामुळें आठवा हिस्सा माप कमी होतें. साल वजा करणें गैर नाहीं. पण ती खरोखर किती जाड आहे तें कुऱ्हाडीच्या एका टवक्यानें पाहून मगच वजा करावी. खुंटाची उंची हा तिसरा चोर. कंबरेंत न वांकतां तोडणें सोपें म्हणून मजूर अडीच फुटांवर घाव घालतो. बुडाशीं ५ फूट घेर असेल तर अर्ध्या फुटावर तोडण्याऐवजीं अडीच फुटांवर तोडल्यानें ३ घनफुटांहून अधिक आणि तेंही सर्वांत जाड लाकूड रानांत राहतें. साग व किंजळ यांस खुंटापासून फुटवे येतात. जमिनीलगत, किंचित् उतरता, साल न फाटतां केलेला काप असेल तरच ते फुटवे जोमदार व पक्क्या मुळावरचे निघतात.

हा सर्व हिशेब चौथी इयत्ता शिकलेल्यास येण्यासारखा आहे. पदवीधराकडून अपेक्षा ही कीं, त्यानें तो गांवच्या चावडींत बसून, उभ्या झाडाची उंची व घेर घेऊन, तोडीपूर्वीं मालकास लिहून द्यावा.

आतां झाड पाडण्याची कला. हिच्यांत पैशापेक्षां मोठी वस्तु पणास लागलेली असते. कुऱ्हाड व दोघांनीं ओढावयाची करवत यांच्या काळांत काम सावकाश चाले आणि झाड कलूं लागल्याचें कळे. यांत्रिक करवतीनें तें कांहीं मिनिटांवर आलें आहे. चुकीला मिळणारा अवधिही तितकाच झाला आहे. नियम थोडे आहेत. ज्या बाजूस झाड पाडावयाचें त्या बाजूस बुंध्याच्या व्यासाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी खोल खांच प्रथम घ्यावी. मग मागचा काप खांचेच्या तळापेक्षां एक दोन इंच वर घ्यावा, आणि दोहोंच्या मध्यें व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी लाकडाची पट्टी न कापतां ठेवावी. वीस इंची बुंध्यास ही पट्टी दोन इंचांची होते. दाराच्या बिजागरीप्रमाणें तीच झाडास दिशा देते. पुष्कळ मजूर घाईनें ती कापून टाकतात. मग झाड खुंटावर फिरतें व कोणीकडे जाईल याचा भरंवसा राहत नाहीं. मागच्या कापांत पाचर ठोकल्यास करवत चिमटत नाहीं व झाड मागें बसत नाहीं. आधींच फार कललेलें झाड अधिक घातकी. त्यास पुरेशी खांच न घेतां मागून कापीत गेल्यास बुंधा उभा चिरतो आणि त्याचा मागचा फाळका तोडणाऱ्याच्या छातीवर येतो.

पळण्याची वाट काप घेण्यापूर्वीं साफ करावी, आणि ती झाडाच्या पडण्याच्या दिशेच्या उलट, पण तिरपी असावी. सरळ मागें कधींही नव्हे. इतर माणसांनीं झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर राहावें, म्हणजे साठ फुटी झाडापासून ऐंशीं हात. आपल्या रानांत वेली शेंड्यांना एकमेकांशीं बांधून टाकतात; त्या आदल्या हंगामांत बुडाशीं तोडून वाळूं द्याव्या. दुसऱ्या झाडांत अडकलेल्या झाडाखालीं जाणें, किंवा त्याला आधार देणारें झाड कापणें, हें मरणास बोलावणें आहे. घराशेजारचा फणस असेल तर तो एका कापांत पाडण्याचा हव्यास न धरितां दोर लावून शेंड्यापासून उतरवीत यावें. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९९८ सालीं वनकामांतील सुरक्षिततेची संहिता काढली. तिच्यांत शिरस्त्राण, पायांचें संरक्षण, एकट्यानें काम न करणें, हें सर्व आहे. आपल्याकडे मजूर लुंगी व चपला घालून यांत्रिक करवत चालवितो. पुस्तकांत अपघातांचें प्रकरण वाचून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी त्यास काय सांगणार? आमच्या मतें प्रत्येक विद्यार्थ्यानें जाणत्या तोड्याच्या देखरेखीखालीं स्वतःच्या हातानें झाडें पाडलीं पाहिजेत, आणि त्यावर गुण असले पाहिजेत.

ओढून नेण्याचा भाग खारेपाटणास विशेष लागू आहे. एके काळीं विजयदुर्गच्या खाडींतून गलबतें येथपर्यंत येत व हें गांव नांवाजलेलें बंदर होतें. खाडी गाळानें भरत गेली. आज पावसाळ्यांत शुकनदीचें पाणी बाजारपेठेंत शिरतें. याचें सारें खापर लाकूडतोडीवर फोडणें अन्यायाचें होईल, परंतु जांभ्याच्या उतारावरची माती मुळांत पातळ, आणि ओंडका सरळ उतारानें ओढला म्हणजे त्याच्या मागें चर पडतो. मृगाच्या पहिल्या सरींत तो चर व्हाळ बनतो. यास उपाय आहेत. ओढण्याची वाट आधीं आंखावी व ती उतारास आडवी, थोड्या चढउताराची असावी. झाडें अशीं पाडावीं कीं बुंधा वाटेकडे येईल. ओंडक्याचें पुढचें टोंक उचलून ओढावें. व्हाळाच्या दोन्ही कांठांवर झाडांची पट्टी न तोडतां राखावी. आणि काम संपतांच वाटेवर तिरपे मातीचे अडथळे घालून पाणी बाजूच्या गवतांत सोडावें. उतार जितका तीव्र तितके हे अडथळे जवळजवळ हवे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या १९९६ च्या तोडीच्या संहितेंतही हींच तत्त्वें आहेत. मोठीं यंत्रें सोडून दिलीं तरी बैलजोडीनें व चार माणसांनीं तीं पाळतां येतात.

तोडीच्या हंगामाविषयीं थोडेंच सांगतों. पाऊस संपल्यावर दिवाळीपासून माघापर्यंत तोड करावी व वैशाखाच्या आंत माल रस्त्यावर आणावा. अमावास्येस तोडलेल्या लाकडास भुंगा लागत नाहीं असें जुनें लोक म्हणतात. तिथीविषयीं आमचा वाद नाहीं, परंतु ओंडके ज्येष्ठाच्या पावसांत भिजत पडले तर कोणतीही तिथि त्यांस वांचविणार नाहीं. टोंकांस डांबर किंवा शेण लावून सावलींत, जमिनीपासून उचलून रचल्यास चिरा कमी पडतात.

कायद्याचें प्रकरण मात्र वगळतां येत नाहीं. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम १९६४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचींत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, मोह, खैर, चंदन, बिबळा, हेद, तिवस, अंजन व खाडीकांठचें कांदळ हीं झाडें आहेत. तीं स्वतःच्या जमिनींत असलीं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून तोडतां येत नाहींत, व माल हलविण्यास वाहतुकीचा परवाना लागतो. तसेंच ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झालेल्या खाजगी वनें संपादन कायद्याची नोंद आपल्या सातबारावर आहे कीं काय हें सौद्यापूर्वीं पाहावें. हे कागद करण्याचा त्रास नको म्हणून मालक कोऱ्या अर्जावर सही करून व्यापाऱ्यास देतो. मग परवानगी किती झाडांची निघाली व तोडलीं किती, हें त्याला कळत नाहीं, आणि चौकशी झाल्यास नांव मालकाचेंच निघतें. वनशास्त्राच्या विद्यार्थ्यास कायद्याचीं कलमें पाठ असतात. त्यास एक खरा अर्ज सातबारापासून परवान्यापर्यंत चालवून दाखविण्याचें काम द्यावें.

नव्या मांडणींत एक सोय आम्हांस उपयोगी वाटते. पहिलें वर्ष पुरें करून ठरलेल्या अटींवर बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षें करणाऱ्यास पदविका, आणि आरंभापासून हातकामाच्या कौशल्याचे विषय अशी तिची रचना आहे. गांवच्या तरुणास मापणी व सुरक्षित तोड यांचें प्रमाणपत्र या मार्गानें मिळूं शकेल. स्वीडन देशांत जवळजवळ निम्मे जंगल खाजगी कुटुंबांच्या मालकीचें आहे. तेथें मालकांच्या सहकारी संस्था झाडें मोजून, तोडून, विकून देतात, व यांत्रिक करवत वापरणाऱ्यास शिक्षणाचा दाखला लागतो. आपल्या विविध कार्यकारी सोसायट्यांनीं अशीं दोन माणसें ठेवलीं तर उक्त्या सौद्यास आळा बसेल. विद्यापीठानेंही हिंवाळी प्रात्यक्षिक आगारांत न घेतां, परवानगी मिळालेल्या खातेदाराच्या रानांत घ्यावें. मालकास फुकट माप मिळेल व विद्यार्थ्यास खरें झाड.

तोंवर शेतकरी बंधूंनीं एक शिंप्याची फीत व एक वही घ्यावी. दिवाळीच्या सुमारास प्रत्येक मोठ्या झाडाचा साडेचार फूट उंचीवरचा घेर, पहिल्या फांदीपर्यंतची सरळ लांबी, जात व गट क्रमांक लिहून ठेवावे, आणि दुसऱ्या वर्षीं त्याच जागेवर पुन्हां मोजतां यावें म्हणून तेथें चुन्याची एक रेघ ओढावी.