अडवणाऱ्यांचा मोठेपणा कसा मोजावा?

वाचकहो, रविवारी सकाळी प्रवरेकाठच्या एखाद्या गावात गेलात, तर शाळेच्या पटांगणावर क्रिकेटचा सामना हमखास चाललेला दिसेल. कडेला बसलेल्या मंडळींना सहज विचारा, "भारताचा सर्वांत मोठा फलंदाज कोण?" उत्तर तयार असते आणि त्यावर भांडणही तयार असते. गोलंदाजाचे विचारा, तरी तेच. आता तिसरा प्रश्न विचारून पाहा : "सर्वांत मोठा क्षेत्ररक्षक कोण?" मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. कोणी एखादा झेल आठवून सांगतो, पण क्रमवारी लावायची म्हटले की सगळे गप्प.

असे का व्हावे? फलंदाज धावा करतो, त्या मोजता येतात. गोलंदाज बळी घेतो, तेही मोजता येतात. अडवणाऱ्याचे काम निराळे. जे घडू शकले असते ते तो घडू देत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद करणार कशी? धरण फुटले की त्याची बातमी होते. शंभर वर्षे न फुटता उभे राहिले त्याची होत नाही. तसेच हे.

हा प्रश्न मला पडला तो माझ्याच एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या संघाची निवड करायची होती. मी शिकवतो अर्थशास्त्र. आकडे नीट मांडतो या लौकिकामुळे ते काम माझ्याकडे आले. मी वर्षभराच्या धावबुकांवरून एक झकास तक्ता केला. रकाने दोन, धावा आणि बळी. वरची अकरा नावे उचलली आणि यादी लावून मोकळा झालो. शेतकऱ्याच्या घरचा एक मुलगा फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला उभा राहत असे. त्याचे नाव चौदावे आले, म्हणजे तो संघाबाहेर. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, माझं काय चुकलं?" मी त्याला तक्ता दाखवला. त्याने तो नीट पाहिला आणि म्हणाला, "सर, यात मी जे करतो त्याचा रकानाच नाही."

मला उत्तर सुचले नाही. तो मुलगा त्यानंतर मैदानावर दिसला नाही.

आता माझा तो तक्ता एकनाथ सोलकरांना लावून बघा. सोलकर मुंबईचे, पी. जे. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचे चिरंजीव. ते 27 कसोटी सामने खेळले. धावा 1068, सरासरी पंचविसाच्या किंचित वर, बळी 18. या दोन रकान्यांवर त्यांना 27 सामने कोणी दिले असते? पण त्यांचे झेल आहेत 53! सामन्यामागे जवळजवळ दोन. वीसपेक्षा अधिक कसोटी खेळलेल्या क्षेत्ररक्षकांत, यष्टिरक्षक वगळता, हे प्रमाण अव्वल मानले जाते. आणि हे सारे हेल्मेट नसताना, फलंदाजापासून दोन-तीन मीटरांवर उभे राहून. माणसाने डोळ्यांनी पाहून हात हलवायचा म्हटले तर जवळपास पाव सेकंद लागतो. फलंदाजाने नुसता अडवलेला चेंडूही एवढ्या अंतरावर तितक्याच वेळात येऊन पोहोचतो. म्हणजे चेंडू पाहून हात हलवणाऱ्याला उशीर झालाच. सोलकर फलंदाजाचे पाय आणि बॅट पाहून चेंडू कुठे येणार ते आधीच ताडत असले पाहिजेत.

1971 च्या ऑगस्टमधला ओव्हलचा सामना जाणत्यांना आठवत असेल. चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेतले, इंग्लंडचा दुसरा डाव 101 धावांत आटोपला आणि अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. श्रेय चंद्रशेखरला मिळाले आणि ते रास्तच होते. पण त्याच डावात वेंकटराघवनच्या चेंडूवर सोलकरांनी पुढे झेपावत ॲलन नॉटचा झेल घेतला, आणि अडचणीत हटकून टिकणारा तो फलंदाज एका धावेवर परतला. नॉट टिकता तर सामन्याचे काय झाले असते, हे कुठल्याच धावबुकात लिहिलेले नसते.

तेव्हा झेल मोजावेत, हे पहिले उत्तर. पण नुसते झेल मोजून भागते का? मराठी घरातला, इंदूरला जन्मलेला राहुल द्रविड पाहा. त्याने 164 कसोटींत 210 झेल घेतले, आणि हा जागतिक विक्रम 2025 च्या जुलैत जो रूटने मोडेपर्यंत टिकला. सोलकरांपेक्षा चौपट झेल! पण सामन्यामागे प्रमाण काढले तर ते येते 1.28. मग मोठा कोण? एकाचा पसारा मोठा, तर दुसऱ्याची घनता.

आणि इथे आपल्या जिल्ह्याचा माणूस येतो. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच येते. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला 1988 मध्ये जन्मलेला आणि पुढे डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे. 2015 च्या ऑगस्टमध्ये श्रीलंकेत गॉल येथे त्याने एका कसोटीत 8 झेल घेतले : पहिल्या डावात 3, दुसऱ्यात 5. त्याआधी कोणाही क्षेत्ररक्षकाला सातांच्या पुढे जाता आले नव्हते. हा विक्रम दहा वर्षे टिकला. 2025 च्या नोव्हेंबरात गुवाहाटीला दक्षिण आफ्रिकेच्या एडन मार्करमने 9 झेल घेऊन तो मोडला. गॉलचा सामना मात्र भारत 63 धावांनी हरला. 176 धावा हव्या असताना आपला डाव 112 वर संपला, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती हार.

एका सामन्यावरून क्रम लावावा, असेही नाही. रणजी सामन्यांत महाराष्ट्राकडून खेळलेल्या यजुर्वेंद्रसिंहांनी 1977 मध्ये बंगळुरूला आपल्या पहिल्याच कसोटीत 7 झेल घेऊन त्या वेळच्या विक्रमाची बरोबरी केली. पण त्यांच्या वाट्याला कसोटी आल्या अवघ्या चार. शिवाय झेल येतो तो गोलंदाजामुळे. सोलकरांच्या पुढे बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन असे चौघे फिरकीपटू होते. त्यांच्यामुळे सोलकरांना झेल मिळाले, की सोलकरांमुळे त्यांना बळी मिळाले? दोन्ही खरे. म्हणून दुसरा प्रश्न असा, की संधी किती आल्या आणि त्यांतल्या किती साधल्या?

इथेही एक फसवणूक आहे, आणि ती अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांच्या लवकर ध्यानात आली. त्या खेळात तिसऱ्या तळावर उभ्या राहणाऱ्याकडे चेंडू अतिशय वेगाने येतात; त्या जागेला ते लोक 'तापलेला कोपरा'च म्हणतात. तिथले क्षेत्ररक्षक पूर्वी चुकांवरून जोखले जात : ज्याच्या हातून कमी चेंडू सुटले तो चांगला. पण विचार करा, जो चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, त्याची चूक लिहिणार कशी? आळशी माणूस निर्दोष ठरतो आणि जिवाच्या आकांताने झेपावून बोटे लावणारा दोषी! म्हणून पुढे ते लोक कोण किती चेंडूंपर्यंत पोहोचतो हे मोजू लागले. बाल्टिमोरचा ब्रूक्स रॉबिन्सन धावायला काही फार वेगवान नव्हता. तरी 1960 ते 1975 अशी सलग 16 वर्षे उत्तम क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लव्ह' हा सन्मान त्याने मिळवला, कारण चेंडू निघताक्षणीच त्याचे पाऊल बरोबर दिशेला पडत असे.

फुटबॉलचे तर विचारूच नका. 'बॅलन द'ओर' हा मानाचा किताब 1956 पासून दिला जातो. इतक्या वर्षांत तो मिळवणारे बचावपटू तिघेच : बेकेनबाउअर (1972 आणि 1976), झामर (1996) आणि कान्नावारो (2006). बाकी जवळजवळ सारा मान गोल करणाऱ्यांचा आणि खेळ रचणाऱ्यांचा. इटलीचा फ्रँको बारेसी आठवा. 1994 च्या विश्वचषकात त्याचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि चोवीस दिवसांत तो अंतिम सामन्याला उभा राहिला. 120 मिनिटे ब्राझीलला एकही गोल करता आला नाही. मग पेनल्टीच्या फटक्यांवर निकाल लावायची वेळ आली आणि बारेसीचा फटका गोलच्या वरून गेला. जगाला आठवतो तो हा एक फटका. त्याआधीची 120 मिनिटे कितीजण सांगतील?

आपली कबड्डी या बाबतीत शहाणी म्हणायची. पकड केली की गुण मिळतो, म्हणजे अडवणाऱ्याच्या नावाने काहीतरी लिहिले जाते. आणि आजच्या व्यावसायिक स्पर्धांतला नियम त्याहून पुढचा आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद. म्हणजे ज्यांनी कोणाला पकडले नाही, पण काही मिळूही दिले नाही, त्या कोपऱ्यावरच्या गड्यांचे श्रमही हिशेबात आले.

तर वाचकहो, अडवणाऱ्यांची प्रतवारी लावताना तीन गोष्टी विचाराव्यात. तो किती चेंडूंपर्यंत पोहोचला? त्यांतले किती साधले? आणि साधले नसते तर काय नुकसान झाले असते? चौथे पथ्य असे, की तुलना सारख्याशी सारख्याची करावी. सीमारेषेवर धावणारा रवींद्र जडेजा आणि शॉर्ट लेगचा सोलकर यांना एका यादीत बसवणे म्हणजे ऊस आणि डाळिंब एकाच मापाने मोजणे.

जवळच्या क्षेत्ररक्षकांपुरता माझा क्रम विचाराल तर सांगतो. पहिले सोलकर, कारण त्यांची जागा सर्वांत धोक्याची आणि प्रमाण सर्वांत दाट. दुसरा द्रविड, कारण 1996 पासून 2012 पर्यंत तीच एकाग्रता राखणे हीच मोठी कसोटी. तिसरा रहाणे. 2023 पर्यंतच्या 85 कसोटींत त्याचे 102 झेल, आणि फिरकीला स्लिपमध्ये त्याचे हात किती मऊ पडत ते पाहण्यासारखे होते. आपल्या जिल्ह्याचा म्हणून त्याला वर चढवायचा मोह झाला होता. पण एकदा तक्त्याने फसवलेला माणूस मी, आता अभिमानाने फसायचे नाही असे ठरवले आहे. तुमचा क्रम वेगळा असेल तर जरूर मांडा. फक्त कारण सांगा.

आणि एक विनंती. पुढच्या रविवारी तुमच्या गावच्या सामन्यात धावबुक लिहिणाऱ्याला शेजारी आणखी एक पान आखायला सांगा. आलेल्या संधी, घेतलेले झेल, सुटलेले झेल, अडवलेल्या धावा. अडवलेल्या धावांचा अंदाज चुकेल, हरकत नाही. कोरा कागद त्याहून जास्त चुकतो. आमच्या कॉलेजात आता निवडीपूर्वी असे पान पाहिले जाते. गेल्या वर्षी संघात एक मुलगा आला, धावांच्या रकान्यात त्याचा नंबर तेरावा होता. यादी लावताना मला त्या जुन्या मुलाची आठवण झाली. त्याच्या वर्षी हे पान नव्हते, आणि ते न आखणारा मीच होतो.