बलसंवर्धक व्यायामाचा प्रारंभ

बलसंवर्धक व्यायाम म्हणजे स्नायूंना क्रमाक्रमाने वाढत्या प्रतिकाराविरुद्ध कार्य करावयास लावून त्यांचे बल वाढविण्याची पद्धती. हा प्रतिकार स्वतःच्या देहभाराचा, दगडी नालाचा, डंबेल्सचा, रबरी पट्ट्याचा किंवा पाण्याने भरलेल्या डब्याचाही असू शकतो; स्नायूच्या दृष्टीने त्यांत फारसा भेद नाही. भारोत्तोलन हा स्पर्धात्मक क्रीडाप्रकार व शरीरसौष्ठव यांहून हा विषय निराळा आहे. प्रस्तुत नोंदीत, ज्याने असा व्यायाम पूर्वी कधीच केलेला नाही अशा प्रौढ व्यक्तीने तो कसा सुरू करावा, एवढ्यापुरताच विचार केला आहे.

भार हळूहळू वाढवीत नेण्याची कल्पना प्राचीन आहे. इ. स. पू. सहाव्या शतकातील मायलो हा ग्रीक मल्ल एक वासरू रोज उचलीत असे व त्याचा बैल होईपर्यंत त्याने हा क्रम सोडला नाही, अशी आख्यायिका आहे. तिला शास्त्रीय रूप मिळाले ते मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. टॉमस डीलॉर्म या अमेरिकन सैनिकी डॉक्टरांनी गुडघ्याच्या दुखापतीमुळे मांडीचे स्नायू क्षीण झालेल्या सैनिकांना, हलक्या वजनाची असंख्य आवर्तने देण्याच्या रूढ उपचाराऐवजी जड वजनाची मोजकी आवर्तने दिली व त्याचे निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्णाला जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते त्यांनी मोजमापाचे एकक मानले. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी हा क्रम आणखी सुटसुटीत केला : दहा आवर्तनांच्या तीन फेऱ्या, पहिली या वजनाच्या निम्म्याने, दुसरी पाऊणपटीने व तिसरी पूर्ण वजनाने. आजच्या बहुतेक पद्धती याच मांडणीची रूपांतरे आहेत.

महाराष्ट्रातील तालमींत प्रगती मोजण्याची रीत वेगळी होती. मुद्गल व नाल ही वजनाची साधने तेथे होतीच. परंतु मुख्य व्यायाम जोर व बैठका यांचा आणि त्यांचे माप संख्येचे. शंभराचे दोनशे, दोनशेचे पाचशे असा हा क्रम असे. कुस्तीसाठी लागणारा दमसास त्याने उत्तम येतो. मात्र भार तोच ठेवून केवळ संख्या वाढविल्यास एका मर्यादेनंतर बलापेक्षा चिवटपणाच अधिक वाढतो. नवशिक्याच्या बाबतीत तर संख्येची ईर्ष्या धोक्याची ठरू शकते. पैजेखातर, शिक्षा म्हणून किंवा सोबत्यांच्या बरोबरीने एकाच दिवशी शेकडो बैठका काढणाऱ्या अनभ्यस्त व्यक्तीचे स्नायुतंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात. स्नायूंना असह्य वेदना व सूज आणि चहासारखी गडद लघवी ही त्याची लक्षणे असून त्यामुळे मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकाला परिचित आहेत. अशा वेळी विश्रांती घेत घरी न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. आयुर्वेदाने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगितले आहे. निदान पहिल्या महिन्यापुरता तरी हा दंडक आजच्या शास्त्रालाही मान्य व्हावा.

नवशिक्याचे बल आरंभी आश्चर्यकारक वेगाने वाढते. तथापि ही वाढ प्रामुख्याने स्नायूंची नसून तंत्रिका तंत्राची (मज्जासंस्थेची) असते. मोरितानी व डीव्हरीज यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून, पहिल्या काही आठवड्यांत मेंदू व मेरुरज्जू हे अस्तित्वात असलेलेच स्नायुतंतू अधिक संख्येने व अधिक मेळाने कामाला लावण्यास शिकतात आणि स्नायूंच्या आकारमानातील वाढीचा वाटा सु. तीन ते पाच आठवड्यांनंतर प्रभावी होतो, असे दिसून आले. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. महिनाभरात दंड फुगला नाही म्हणून व्यायाम निष्फळ ठरला असे समजणे चूक आहे; आणि या काळातले खरे काम म्हणजे हालचाल बिनचूक शिकणे हे होय. शिवाय स्नायू अस्थींना जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो व त्या स्नायूंच्या मानाने सावकाश बळकट होतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उत्साहाच्या भरात वजन एकदम वाढविणाऱ्यांचे खांदे, कोपरे व गुडघे दुखू लागतात ते बहुधा यामुळेच.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, अंतर्गळ (हर्निया), मधुमेहामुळे झालेला दृष्टिपटलाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास वैद्याचा सल्ला आधी घ्यावा. इतरांनी आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, व्यायाम करावा. अवयवागणिक वेगळे प्रकार शोधीत बसण्याचे कारण नाही. बसून उठणे, ढकलणे, ओढणे, जमिनीवरून उचलणे आणि उचललेले वाहून नेणे या पाच क्रियांत शरीरातील बहुतेक मोठे स्नायू येतात. तालमीतील बैठक टाचा उचलून व वेगाने काढतात. नवशिक्याने तिच्याऐवजी खुर्चीवर सावकाश टेकून, टाचा जमिनीवर ठेवून, हातांचा आधार न घेता उठावे. जोर प्रथम भिंतीला हात टेकून, मग भक्कम टेबलाच्या कडेवर आणि शेवटी जमिनीवर काढावेत. ओझे उचलताना पाठ गोल न करता कमरेच्या खुब्यातून वाकावे व वजन अंगाजवळ ठेवावे. झाकणाचा व मुठीचा पाच लिटरचा डबा या कामी फार सोयीचा असतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असल्याने अर्ध्या-अर्ध्या किलोग्रॅमची वाढ त्यात सहज करता येते. व्यायामशाळेतील महागड्या यंत्रांत ही सोय पुष्कळदा आढळत नाही.

पहिले दोन आठवडे प्रत्येक क्रियेची आठ ते बारा आवर्तनांची एकच फेरी पुरते. पुढे दोन व मग तीन. आणखी दोन-तीन आवर्तने सहज झाली असती असे वाटत असतानाच थांबावे. दोन फेऱ्यांमध्ये एक ते तीन मिनिटे विसावा घ्यावा. सर्व फेऱ्यांत बारा आवर्तने लागोपाठ दोन दिवशी नीट जमली, की वजन दोन ते दहा टक्के वाढवावे आणि आवर्तने पुन्हा आठवर आणावीत. श्वास कोंडून धरल्याने रक्तदाब एकदम चढतो, म्हणून उचलताना श्वास सोडावा व खाली ठेवताना घ्यावा. तारीख, वजन व आवर्तने यांची वहीत नोंद ठेवणे हा अंगाला लावण्याचा उपचार नसला, तरी त्याचा उपयोग फार होतो. भार कधी व किती वाढवावा याचा निर्णय मग आठवणीवर किंवा शेजाऱ्याच्या वजनावर अवलंबून राहत नाही.

व्यायामानंतर एक ते तीन दिवस जाणवणारी अंगदुखी दुग्धाम्लामुळे होते हा समज आता टाकून दिला गेला आहे. भार खाली आणताना ताणल्या जाणाऱ्या तंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजा व त्यानंतरचा दाह ही तिची कारणे मानली जातात. ती एकदोन आठवड्यांत कमी होते. सांध्यातील तीक्ष्ण वेदना मात्र निराळी. तिच्यावरून व्यायाम रेटू नये.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास दर किलोग्रॅम देहभारामागे दररोज ०·८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. बलसंवर्धक व्यायाम करणाऱ्यास सु. १·६ ग्रॅमपर्यंत लाभ होतो, त्यापलीकडे विशेष नाही. म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीस जास्तीत जास्त ९६ ग्रॅम. डाळी, दूध, दही, शेंगदाणे, अंडी व मासे यांतून ती मिळू शकतात. भुकटीची अनिवार्यता नाही. झटपट फळासाठी दिली जाणारी संप्रेरकजन्य औषधे मात्र हृदय, यकृत व प्रजननशक्ती यांना घातक आहेत.

वजन उचलल्याने स्त्रिया पुरुषी दिसू लागतात या समजुतीला आधार नाही. पुंस्त्व-संप्रेरकाच्या अल्प प्रमाणामुळे त्यांचे स्नायू पुरुषांइतके मोठे होत नाहीत. बलातील वाढ मात्र प्रमाणाच्या दृष्टीने पुरुषांइतकीच होते. वार्धक्याविषयीचा समजही असाच. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टन येथील प्रयोगात नव्वदीच्या दहा अशक्त वृद्धांना मांडीच्या स्नायूंचा जड व्यायाम देण्यात आला. नऊ जणांनी तो आठ आठवडे पूर्ण केला व त्यांचे बल सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सर्व प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला असून, ६५ वर्षे व त्यापुढील व्यक्तींनी पडणे टाळण्यासाठी तोलाचे व बलाचे मिश्र व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत असे म्हटले आहे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे हाच त्यांचाही पहिला पाठ असू शकतो.