पथ्य साऱ्या घराचं

हार्ट अ‍ॅटॅक येतो एकाला, पण त्यानंतर पूर्वीसारखं राहत नाही ते सारं घर. जिना चढताना त्याला जरा धाप लागली, की स्वयंपाकघरातला हात थांबतो. रात्री त्यानं कूस बदलली तरी बायको दिवा लावते. त्याचा मोबाइल वाजला तर आधी दुसराच कुणी उचलतो. घरातले वाद हलक्या आवाजात होतात आणि तो खोलीत शिरताच बंद पडतात.

माझ्या थोरल्या मेहुण्यांना साठीच्या उंबरठ्यावर अ‍ॅटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि आठवड्याच्या आत ते घरीही आले. मंडईतून भाजी आणणं ही त्यांची तीस वर्षांची मिरास. सुनेनं प्रेमानं पिशवी काढून घेतली, मुलानं स्कूटरची किल्ली लपवली, ताईनं लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली. हेतू साऱ्यांचा चांगलाच. दीड महिन्यानं ते मला म्हणाले, ‘‘अरे, वाचलो खरा, पण या घरात आता माझं काम काय?’’

अ‍ॅटॅकनंतर उदास वाटणं, चिडचिड होणं, झोपेची भीती वाटणं हे पुष्कळांच्या बाबतीत घडतं. आपण ‘स्वभाव बदलला’ म्हणून मोकळे होतो. ही उदासी लांबली तर तीही डॉक्टरांना सांगायला हवी. तिच्यावर उपचार आहेत.

एकेकाळी अशा रोग्याला आठवडेच्या आठवडे खाटेवर झोपवून ठेवत. बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी रोग्यांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवलं आणि 1952 साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. 1955 च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना अ‍ॅटॅक आला. पुढच्याच वर्षी ते निवडणूक लढवून पुन्हा अध्यक्ष झाले. वैद्यकानं ती खाट केव्हाच सोडली, आपल्या घरांनी मात्र अजून सोडलेली नाही. मेहुण्यांच्या डॉक्टरांनी ‘रोज चाला’ असं कागदावर लिहूनच दिलं होतं. ताईनं तो कागद पुन्हा एकदा नीट वाचला, आणि पिशवी खुंटीवर परत आली.

पथ्याचंही तसंच. एका ताटात कमी मिठाची दुधी आणि शेजारच्या ताटांत बटाटेवडे, असं किती दिवस चालणार? मीठ, तेल कमी करायचं ते साऱ्यांचंच. वडिलांना कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर मुलांचाही धोका वाढतो. तेव्हा बापाच्या गोळ्या मोजणाऱ्या मुलानं आपला रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासावं. खिशात तंबाखूची पुडी असेल तर ती आधी टाकावी.

बँकेत उभा जन्म गेला, त्यामुळे या दुखण्याची आणखी एक बाजू मला काउंटरवर दिसली. नवरा आयसीयूत, आणि बायको त्याचं पासबुक घेऊन समोर उभी. ‘‘नॉमिनी मीच आहे हो,’’ ती सांगते. पण नॉमिनीचा हक्क सुरू होतो तो खातेदार गेल्यावर. तो जिवंत असताना नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही. तेच खातं दोघांच्या नावावर, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल, तर ती स्वतःच्या सहीनं पैसे काढू शकते. आपल्याकडे हा विषय अभद्र मानतात. खरं तर घरी विश्रांती घेणाऱ्या माणसाला याहून चांगलं काम नाही. दुपारी बायकोला शेजारी बसवावं. विमा, ठेवी, विजेचं बिल, सारं एका वहीत उतरवावं. त्यात त्याचा मानही राहतो आणि तिची धास्तीही उतरते.

आणि तिचं काय? औषधांच्या वेळा ती सांभाळते, पाहुण्यांना चहा तीच करते, रात्री जागते तीच. बायकांना अ‍ॅटॅक येतो तेव्हा कधी छातीत कळ येतच नाही. धाप लागते, विलक्षण थकवा येतो, पाठ किंवा जबडा दुखतो. आणि ती ‘पित्त झालंय’ म्हणून कामाला लागते. असं काही दिसलं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तिला तडक इस्पितळात न्यावं.

तेव्हा अशा घरी भेटायला जाल तेव्हा त्यांची प्रकृती जरूर विचारा. निघताना चपला घालता घालता एवढंही विचारा, ‘‘वहिनी, तुम्हाला झोप लागते ना?’’