आईचे नाव अर्धे का?

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या वाईत राहून मराठी विश्वकोश संपादिला (पहिला खंड १९७६), त्याच वाईत परवा माझ्या भाच्याने मला अक्षरओळख शिकविली!

'गोडो' इंजिनाच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत तो संगणकावरचा खेळ रचीत होता. खेळणाऱ्याच्या नावाला त्याने चारची मर्यादा घातली होती. आमची आई नदीच्याच नावाची. तिने हौसेने 'कृष्णा' लिहिले. पडद्यावर उमटले 'कृष्'!

"अरे, माझं नाव अर्धंच बुडवलंस की!" ती म्हणाली.

मला अक्षरे दोनच दिसत होती. यंत्राने मोजली सहा: क, ऋकाराची खूण, ष, हलन्त, ण आणि काना. जीडीस्क्रिप्टमधले 'लेंग्थ' युनिकोडचे संकेत मोजते, आपण उच्चारतो ती अक्षरे नव्हे. आपल्या 'वाई'चेही तीन भरतात. इंग्रजीत एका अक्षराला एक संकेत, म्हणून तिथे हे खपून जाते.

"मग संकेत मोजू नकोस; पाटीची रुंदी मोज," मी सुचविले. त्याने तसे केले.

पूर्ण नाव पाहून आई क्षणभर गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आता तुझ्या आजोबांचं लिही."